जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना आगीपासून कसे सांभाळावे

जुन्या इमारतीला आगीचा धोका सर्वाधिक असतो तो तिची दुरुस्ती चालू असताना. छत उघडलेले असल्याने वारा थेट आत येतो, भिंतींना आणि पाटणीला भोके पाडलेली असतात, तात्पुरत्या वायरी लोंबत असतात आणि धुळीमुळे धूरसूचक यंत्रेही झाकून ठेवलेली असतात. इंग्लंडमधील अपपार्क या सतराव्या शतकातील वास्तूच्या छपराचे काम संपायला जेमतेम दोन दिवस उरले असताना, ३० ऑगस्ट १९८९ रोजी, शिशाच्या पत्र्यांच्या जोडकामातून आग लागली आणि छपरासह वरचा मजला गेला. आपल्याकडच्या सागवानी वाड्यांचा सांगाडा तर जोत्यापासून आढ्यापर्यंत लाकडाचाच असतो, त्यामुळे मालकाने किंवा विश्वस्तांनी पुढील गोष्टी कंत्राट देतानाच लिहून घ्याव्यात. काम सुरू झाल्यावर त्या कोणी ऐकत नाही.

सर्वांत जास्त लक्ष वेल्डिंग, गॅस कटर आणि ग्राइंडर यांच्याकडे द्यावे. ते काम वाड्याच्या आत करण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी विचारावे. तुळईला आधार देणारा लोखंडी गर्डर बाहेर मोकळ्या जागेत तयार करून आत फक्त नट-बोल्टने बसवता येतो, आणि थोडा खर्च वाढला तरी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नाइलाज असेल तर त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता आणि त्या कारागिरापुरता लेखी परवाना द्यावा आणि त्यावर जबाबदार माणसाची सही असावी. सुमारे अकरा मीटरच्या परिघातील भुसा, पोती, रंगाचे डबे आणि परांचीवरची प्लॅस्टिकची जाळी हलवावी, जे हलत नाही ते अग्निरोधक कापडाने झाकावे, भेगा व भोके पत्र्याने बंद करावीत आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही जाऊन पाहावे, कारण तापलेल्या गर्डरमधून उष्णता भिंतीत रुतलेल्या लाकडी टोकापर्यंत पोहोचू शकते.

कडीपाटाचे छत या बाबतीत विशेष फसवे असते. कड्यांवरच्या फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळ, पारव्यांच्या घरट्यांतील काड्या आणि वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा भुगा साठलेला असतो. एखादी ठिणगी त्यात शिरली की ज्वाळा दिसत नाही; आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहते, आणि माणसे घरी गेल्यावर पेट घेते. म्हणून असे काम दिवसाचे काम संपण्याच्या किमान दोन तास आधी थांबवावे, त्यानंतर निदान एक तास अग्निशामक नळकांडे आणि पाण्याच्या बादल्या घेऊन एका माणसाने तिथेच पहारा द्यावा आणि रात्री पुन्हा एक-दोन फेऱ्या माराव्यात. त्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगू नये. फळ्यांना आणि भिंतीला हात लावून ऊब जाणवते का ते पाहावे, करपल्याचा वास येतो का तेही पाहावे.

जुन्या दरवाजांचा रंग काढण्यासाठी ब्लोलॅम्प, म्हणजे ज्योत फेकणारा दिवा, वापरू देऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर त्या ठिणगीशिवाय आपोआप तापून पेटू शकतात. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात. थिनर व पॉलिश एका दिवसाला लागेल तेवढेच आत आणावे.

तात्पुरत्या विजेसाठी मीटरपासून स्वतंत्र बोर्ड आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा गळती-प्रतिबंधक स्विच असावा, टेप गुंडाळलेले जोड नसावेत आणि हॅलोजनचे दिवे लाकडापासून व पडद्यांपासून लांब असावेत. १९९२ साली विंडसर कॅसलची आग अशाच एका प्रखर दिव्याजवळच्या पडद्यापासून सुरू झाली होती. रात्री कुलूप लावण्यापूर्वी या बोर्डाचा मुख्य स्विच बंद झाल्याची नोंद वहीत करावी. आग-सूचक यंत्रणा आणि पाण्याचा पंप मात्र वेगळ्या जोडणीवर चालू राहिले पाहिजेत.

कामगार साइटवरच राहत असतील तर त्यांना वाड्याबाहेर शेड, स्वयंपाकाची जागा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय करून द्यावी. दुसरी जागाच नसलेल्या माणसाला पोटमाळ्याखाली स्टोव्ह पेटवू नको, एवढे सांगून भागत नाही.

काम सुरू होण्यापूर्वी अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना वाडा दाखवावा. पेठेतील बोळात बंब कुठपर्यंत येईल, विहिरीचे किंवा हौदाचे पाणी वापरता येईल का, परांचीमुळे कोणता जिना अडला आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे. इशारा वाजल्यावर नेमके कुठे धावायचे, तेही पहारेकऱ्याला प्रत्यक्ष फिरवून दाखवावे: १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पहिला इशारा मिळूनही तपासणारा माणूस चुकीच्या माळ्यावर गेला आणि मोलाची सुमारे तीस मिनिटे वाया गेली. आग दिसताच आधी १०१ वर फोन करावा आणि मगच नळकांडे उचलावे.

आगविमा असल्यास दुरुस्तीच्या कामाची लेखी कल्पना विमा कंपनीला आधी द्यावी, आणि कोरीव खांब, महिरपी, हस्ते यांची मापे व छायाचित्रे घेऊन त्यांची एक प्रत वाड्याबाहेर ठेवावी.