फोल्डर उचला, कुठेही न्या, लिंका चालल्या पाहिजेत

मागच्या सीझनला एका द्राक्ष पॅकहाऊसची (जिथे द्राक्षं पॅक होतात त्या जागेची) फाईल बनवून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. सातबारे, बागेच्या नोंदणीचे कागद, रेसिड्यूचे (औषधांच्या उरलेल्या अंशाचे) लॅब रिपोर्ट, पॅकिंगच्या याद्या असं सगळं स्कॅन करून १५० च्या आसपास पीडीएफ झाल्या आणि त्यावर वर्डमध्ये एक इंडेक्स, की शेतकऱ्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचा रिपोर्ट उघडला पाहिजे. घरी नाशिकला सिडकोत बसून एकूण एक लिंक दाबून बघितली, झकास चालत होती. मग पेनड्राइव्ह घेऊन निघाले, द्वारका चौकात नेहमीसारखं ट्रॅफिकमध्ये अडकले, पिंपळगावला पॅकहाऊसवर पोचले, तिथल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्याच क्लिकला "कॅनॉट ओपन द स्पेसिफाइड फाईल". दुसऱ्या लिंकला तेच, तिसऱ्या लिंकला तेच. तिथले दादा म्हणाले, "ताई, फाईल तर फोल्डरमध्ये समोर दिसतेय की, मग उघडत का नाही?"

प्रश्न बरोबर होता. फाईल होती, लिंकला रस्ता चुकीचा माहीत होता. माझ्या लिंकमध्ये असं लिहिलं गेलं होतं:

सी:\युजर्स\माझं नाव\डेस्कटॉप\पॅकहाऊस\रिपोर्ट\०१२.पीडीएफ

म्हणजे माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हपासून. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावाचा युजर असायचं कारणच नाही. पाहिजे होतं एवढंच:

रिपोर्ट\०१२.पीडीएफ

याला रिलेटिव्ह लिंक म्हणतात, आणि पहिलीला ॲब्सोल्यूट. कुणाला "कॉलेज रोड, अमुक सोसायटी, फ्लॅट नंबर ४" असं सांगणं वेगळं आणि "आतल्या खोलीत बसलेत" सांगणं वेगळं. घरदार उचलून नाशिकरोडला राहायला गेलात तरी आतली खोली आतलीच राहते. रिलेटिव्ह लिंक इंडेक्स फाईल जिथे पडलीय तिथून पुढचा रस्ता बघते, कॉम्प्युटर कुणाचा, ड्राइव्ह कुठला याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता करायचं कसं ते सांगते, क्रम बदलू नका, कारण निम्मे घोळ क्रम बदलल्यानेच होतात.

सगळ्यात आधी एकच मोठं फोल्डर बनवा आणि जे जे लिंक करायचंय ते सगळं त्याच्या पोटात टाका. इंडेक्सची फाईल वर मोकळी, बाकीचं रिपोर्ट, सातबारा, पॅकिंग अशा आतल्या फोल्डरांमध्ये. इंडेक्स सी ड्राइव्हला आणि पीडीएफ डी ड्राइव्हला असलं काही केलंत तर रिलेटिव्ह लिंक बनूच शकत नाही, एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर जायचं तर पूर्ण पत्ताच लागतो. आणि हे फोल्डर शक्यतो वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीच्या) बाहेर ठेवा, आजकाल नवीन लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि मग लिंकमध्ये फोल्डरच्या जागी इंटरनेटचा लांबलचक पत्ता येऊन बसू शकतो.

मग नावं. हे काम लिंक द्यायच्या आधी उरकायचं, नंतर फाईलचं नाव बदललं की लिंक गेलीच. नावात हॅशचं चिन्ह अजिबात नको, आपल्याकडे "प्लॉट #१२" लिहायची सवय असते पण ऑफिसवाले प्रोग्राम हॅशच्या पुढचा भाग म्हणजे फाईलच्या आतली एखादी जागा असं समजतात आणि अर्ध्याच नावाची फाईल शोधत बसतात. नावं छोटी ठेवा, विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या आत बसवायचा असतो आणि "फायनल फायनल नवीन करेक्टेड" लावत गेलं की तो आकडा वाटतो तेवढा लांब राहत नाही. मराठी नावं विंडोजला चालतात, पण झिप करून इकडून तिकडे पाठवताना कधीकधी त्यांची चौकोनं होतात, म्हणून मी फाईलला इंग्रजीत साधा नंबर देते आणि शेतकऱ्याचं नाव इंडेक्समध्ये मराठीत लिहिते.

आता वर्ड उघडा, कोरी फाईल घ्या आणि एक अक्षर लिंक करायच्या आधी ती त्या मोठ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. सेव्हच न केलेल्या फाईलला स्वतःचा पत्ता नसतो, मग ती "माझ्यापासून पुढे" काय मोजणार? तेव्हा वर्ड पूर्ण पत्ता लिहून मोकळं होतं.

सेव्ह झालं की नाव सिलेक्ट करायचं, कंट्रोल आणि के दाबायचं, खिडकी उघडते तिथून पीडीएफ निवडायची. इथे ओके दाबायची घाई नको. खाली ॲड्रेसची पट्टी असते ती वाचा. त्यात फक्त फोल्डर आणि फाईलचं नाव दिसलं तर उत्तम, सी किंवा डी पासून सुरू होत असेल तर सुरुवातीचा तेवढा भाग खोडून हाताने नीट करा. एक फोल्डर वर जाऊन मग खाली उतरायचं असेल तर सुरुवातीला दोन टिंबं आणि उलटी तिरकी रेघ, असं: ..\सातबारा\०१२.पीडीएफ. नंतर तपासायचं असेल तर लिंकवर राइट क्लिक करून एडिट हायपरलिंकमध्ये जाऊन बघा, माउस नुसता वर नेला की जी चिठ्ठी दिसते तिच्यावर जाऊ नका, ती पुष्कळदा पूर्ण पत्ता जोडून दाखवते आणि उगाच जीव घाबरा होतो.

सगळं नीट करूनही पूर्ण पत्ताच येत असेल तर एक जागा बघा: फाईल, इन्फो, उजवीकडे प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज, समरी, आणि तिथे खाली हायपरलिंक बेस नावाचा रकाना. तो रिकामा पाहिजे. कुणाची तरी जुनी फाईल घेऊन त्यावरच नवीन काम करत असाल तर तिथे कुणीतरी काहीतरी भरून ठेवलेलं असू शकतं.

एक्सेलवाल्यांसाठी यापेक्षा सोपं आहे. १५० लिंका हाताने द्यायच्याच नाहीत, हायपरलिंकचा फॉर्म्युला वापरायचा. ए कॉलममध्ये फाईलचा नंबर असेल तर बी मध्ये:

=हायपरलिंक("रिपोर्ट\"&ए२&".पीडीएफ";"उघडा")

अर्थात फॉर्म्युला, फोल्डरचं नाव, सेलचं नाव सगळं इंग्रजीत टाइप करायचं, आणि आपल्याकडच्या एक्सेलमध्ये बहुतेक अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम लागतो. एकदा लिहिला की खाली ओढत जायचं, दोन मिनिटांत यादी तयार. याचा मोठा फायदा म्हणजे फॉर्म्युल्यातला मजकूर एक्सेल स्वतःहून बदलत नाही. साध्या लिंकांचं तसं नाही, एक्सेल मधेच बंद पडलं आणि रिकव्हर झालेली फाईल तुम्ही सेव्ह केली की कधीकधी सगळ्या लिंकांमध्ये ॲपडेटा, रोमिंग असला भलताच रस्ता घुसलेला सापडतो. म्हणून एक्सेलमध्ये मी तरी फॉर्म्युल्याशिवाय लिंक देत नाही.

वर्ड-एक्सेलऐवजी फुकटचं लिबरऑफिस वापरत असाल तर त्यात टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे "सेव्ह यूआरएल्स रिलेटिव्ह टू फाईल सिस्टिम" ला टिक आहे का तेवढं बघा. दिसायला तिथे नेहमी पूर्णच पत्ता दिसतो, साठवताना छोटा होतो. लिनक्सवर फाईल उघडणार असेल तर नावातली छोटी-मोठी एबीसीडी तंतोतंत जुळली पाहिजे, विंडोज ते चालवून घेतं, लिनक्स नाही.

आता माझी चूक कुठे झाली ते. लिंका मी बरोबर दिल्या होत्या. पण पेनड्राइव्हवर नेताना इंडेक्स उघडी होती तर मी तिथूनच सेव्ह ॲज करून पेनड्राइव्ह निवडला आणि पीडीएफचं फोल्डर वेगळं कॉपी केलं. वर्डला वाटलं बाईंनी इंडेक्स दुसरीकडे नेली, पण रिपोर्ट तर अजून सी ड्राइव्हलाच आहेत, मग त्याने मदत म्हणून सगळ्या लिंका जुन्या जागेकडे वळवून दिल्या! तर सेव्ह ॲज नाही. इंडेक्स सेव्ह करा, बंद करा, आणि अख्खं मोठं फोल्डर उचलून कॉपी पेस्ट.

झिप पाठवलीत तर समोरच्याला फोनवर सांगाच की आधी राइट क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल. लोक झिपवर डबल क्लिक करतात, आतली इंडेक्स तशीच उघडतात, विंडोज तेवढी एकच फाईल कुठल्यातरी टेम्पररी फोल्डरमध्ये काढून दाखवतं आणि शेजारी पीडीएफ नसतातच. मग फोन येतो, "तुमचं चालत नाहीये".

तपासणी घरच्या कॉम्प्युटरवर करताना एक मोठा धोका आहे, आणि माझा घात त्यानेच केला. पेनड्राइव्हवरची इंडेक्स उघडून लिंक दाबली तर ती चालणारच, कारण लिंक गुपचूप तुमच्या सी ड्राइव्हवरची मूळ फाईल उघडत असते. म्हणून आधी मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, पॅकहाऊसचं पॅकहाऊस_जुनं करा, आणि मग पेनड्राइव्हवरून प्रत्येक आतल्या फोल्डरातली एकदोन लिंक दाबून बघा. आता उघडली तर ती खरी उघडली. झालं की नाव परत पहिल्यासारखं करा.

आणि आधीच तुटलेली फाईल हातात असेल तर? वर्डमध्ये पहिले एक कॉपी काढून ठेवा. मग ऑल्ट आणि एफ ९ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण लागतं), लिंकांच्या जागी महिरपी कंसात त्यांचे आतले पत्ते दिसायला लागतात. तिथे उलट्या रेघा दोन-दोन दिसतील, ते बरोबर आहे, तसंच राहू द्या. पत्त्यातला नको असलेला सुरुवातीचा भाग, सी पासून पॅकहाऊस आणि त्याच्या पुढच्या दोन रेघांपर्यंत, कॉपी करा, कंट्रोल एच दाबून फाइंडमध्ये पेस्ट करा, रिप्लेसचा रकाना रिकामा ठेवा आणि रिप्लेस ऑल. मग कंट्रोल ए, एफ ९, परत ऑल्ट एफ ९, सेव्ह. त्या दिवशी पिंपळगावला मला हे माहीत नव्हतं, मी एकेक लिंक राइट क्लिक करून हाताने नीट करत बसले, दादांनी तीनदा चहा पाजला आणि घरी पोचायला साडेनऊ वाजले.

ऑफिसात सगळे एकाच सर्व्हरवरून काम करत असतील तर झेड ड्राइव्ह, वाय ड्राइव्ह असल्या नावांवर लिंका देऊ नका, शेजारच्या टेबलावर तेच फोल्डर वाय नावाने जोडलेलं असू शकतं. तिथेही इंडेक्स आणि फाईली एकाच फोल्डरात ठेवल्या की प्रश्न मिटला.

मोबाईलवर मात्र यातलं काही धरून चालू नका. व्हॉट्सॲपवर नुसती इंडेक्स पाठवली तर बाकीच्या फाईली तिच्यासोबत जातच नाहीत. ज्याला फोनवरच बघायचंय त्याच्यासाठी पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाकून तिथल्या लिंकांची वेगळी इंडेक्स बनवावी लागते, आणि त्याचे मी पैसे वेगळे घेते.