प्रायव्हेट शाळेत अभ्यास खरंच कसा आहे, ते कसं ओळखायचं

गेटवर टॉपर्सचा फ्लेक्स, खाली मोठ्ठ्या अक्षरात '100% निकाल'. आधी हा फ्लेक्स डोक्यातून काढा. 100% निकाल लावायची एक सोपी युक्ती असते, नववीतच कच्ची मुलं गाळायची, म्हणजे एकतर नापास करायचं नाहीतर आईबापांना बोलावून "दुसरी शाळा बघा, किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा" असं सांगायचं. म्हणून शाळेत गेलात की सरळ विचारा, तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि त्यातली दहावीला याच शाळेतून किती बसली? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

टक्क्यांचंही तेच. स्टेट बोर्ड असो, सीबीएसई की आयसीएसई, दहावीला साधारण 100 पैकी 20 मार्क शाळेच्याच हातात असतात आणि ते बहुतेक ठिकाणी सढळ हातानेच देतात, त्यात एसएससीला, म्हणजे स्टेट बोर्डाला, बेस्ट ऑफ फाइव्ह (सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरतात). त्यामुळे टॉपरचे मार्क सोडा, गणित आणि सायन्सच्या लेखी पेपरात मधल्या मुलाला किती पडतात ते विचारा.

सीबीएसई शाळा असेल तर घरबसल्या बरंच कळतं. 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान शाळेला वेबसाइटवर टाकावंच लागतं, त्यात तीन वर्षांचा बोर्डाचा निकाल, शिक्षक किती, सगळं असतं. बोर्डाच्या नियमाप्रमाणे एका तुकडीत 40 मुलं आणि तुकडीमागे दीड शिक्षक, तेवढा भागाकार स्वतः करून बघा. आणि हो, शाळेच्या पाटीवर नुसतं 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं असेल तर अ‍ॅफिलिएशन नंबर (बोर्डाच्या मान्यतेचा) मागा, पॅटर्न काय कोणीही लिहितं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. सोसायटीत त्या शाळेतलं सहावी-सातवीचं कोणीतरी असतंच, त्याच्या आईला विनंती करून वह्या आणि युनिट टेस्टचा पेपर बघा. दोन मुलांच्या वह्यांत उत्तरं शब्दन् शब्द सारखी असतील तर फळ्यावरून उतरवून घेतलंय. तपासताना नुसत्या लाल टिका आहेत की चूक कुठे झाली ते लिहिलंय? पेपरात सगळे प्रश्न स्वाध्यायातलेच जसेच्या तसे असतील तर तिथे पाठांतर चालतं, मग ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असो. त्याच बाईंना हेही विचारा की वर्गातली किती मुलं क्लासला जातात, कारण आठवीपासून सगळीच जात असतील तर निकाल क्लासचा, फी मात्र दोन्हीकडे.

सुपरवायझर भेटल्या तर "गणितात कच्चं असलेल्या मुलासाठी काय करता?" एवढंच विचारा. रेमेडियल (कच्च्या मुलांचे जादा तास) कधी, कोण घेतं, हे पटकन सांगता आलं पाहिजे. (पहिलीच्या अ‍ॅडमिशनसाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेत असतील तर ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 13 मध्ये बसत नाही, पण घेतात.)

सगळं चांगलं असलेली शाळा मिळणार नाही. मराठी कच्चं राहतंय? महाराष्ट्राच्या 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांत सक्तीचं आहे, तरी बऱ्याच इंग्लिश मीडियममध्ये उरकून टाकतात, पण ते घरी भरून काढता येतं. लायब्ररी फाटकी असेल तर बाहेर लावता येते. पण गणिताला दर सहा महिन्यांनी नवीन मॅडम येत असतील, तर बिल्डिंग कितीही चकाचक असो, मी ते नाव लिस्टमधून उडवेन.