फ्यूजन प्रोटीन हाती लागत नाही? या चुका टाळा

फ्यूजन प्रोटीन म्हणजे आपल्या प्रोटीनला जीएसटी, एमबीपी किंवा हिस्टिडिनसारखा टॅग जोडून जीवाणूकडून बनवून घेतलेलं प्रोटीन; टॅगमुळे ते कॉलमवर पकडता येतं. जेलवर इंडक्शनच्या (पेशींना प्रोटीन बनवायचा इशारा देण्याच्या) आधीच्या लेनमध्ये अपेक्षित जागी काही नाही, नंतरच्या लेनमध्ये तिथेच जाडजूड बँड. एवढं दिसलं की हुरूप येतो आणि माणूस थेट दोन लिटर कल्चर लावतो. दोन दिवसांनी कॉलममधून उतरतं ते जवळपास नुसतं बफर. मी हे केलंय, आणि एकदाच नाही. तो बँड अख्ख्या पेशींचा होता. एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळलं की सगळंच विरघळतं, इन्क्लूजन बॉडी म्हणजे पेशीतले प्रोटीनचे घट्ट गठ्ठेसुद्धा. प्रोटीन पेशीत मोकळं होतं की गठ्ठा होऊन बसलं होतं, हे त्या लेनवरून कळूच शकत नाही.

म्हणून आधी १० मिली कल्चरवर चाचणी घ्या. पेशी फोडा, सेंट्रिफ्यूज करा, सुपरनेटंट (वरचं द्रव) आणि पेलेट (तळाचा गाळ) जेलवर शेजारी-शेजारी चालवा. पेलेट तेवढ्याच व्हॉल्यूमच्या बफरमध्ये कालवायचा, नाहीतर तुलना फसवी होते. इथे आणखी एक गोम आहे. न फुटलेल्या पेशीही पेलेटमध्येच जातात! प्रोटीन ‘इनसोल्युबल’ म्हणून महिनाभर कन्स्ट्रक्ट (प्लाझ्मिडमध्ये जोडलेला जीन) बदलत बसलेले लोक मी पाहिलेत. खरी अडचण सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडणं, अर्धवट होण्याची होती. नीट फुटलेल्या पेशींचा रस (लायसेट) दुधाळ राहत नाही, पारदर्शकतेकडे झुकतो. चिकट तार सुटत असेल तर तो डीएनए आहे, तो कापणारं डीएनेज एन्झाइम थोडं घाला. ट्यूब बर्फात ठेवा, १० सेकंद चालू, २०-३० सेकंद बंद. सोनिकेटरचा प्रोब वर घेऊन फेस काढलात तर पेशी फुटत नाहीत आणि प्रोटीन मात्र बिघडतं.

प्रोटीन खरोखरच पेलेटमध्ये असेल तर पहिला उपाय तापमानाचा. ३७ अंशांऐवजी १६-१८ अंशांवर रात्रभर, आणि इंडक्शनचं रसायन आयपीटीजी १ मिलीमोलरऐवजी ०.१ ते ०.२. पण फ्लास्क शेकरमधून काढून थंड शेकरमध्ये ठेवला आणि लगेच आयपीटीजी घातलं, तर पहिला बराच वेळ इंडक्शन गरम कल्चरमध्येच चालतं. मोठा फ्लास्क गार व्हायला वेळ लागतो. हाताला कोमट लागत असेल तर थांबा, किंवा बर्फाच्या पाण्यात फिरवून घ्या.

आता ज्यांना बँडच दिसत नाही त्यांच्यासाठी. पीईटी प्लाझ्मिड (आपला जीन वाहणारं डीएनएचं कडं) डीएच५अल्फा या ई. कोलाय स्ट्रेनमध्ये घालून इंडक्शन करणं ही नव्या माणसाची हमखास चूक. पीईटीवरचा जीन वाचणारं टी७ आरएनए पॉलिमरेज त्या स्ट्रेनमध्ये नसतं. ते बीएल२१ (डीई३) मधल्या डीई३ तुकड्यावरून येतं. जीएसटी टॅगवाल्या पीजीईएक्स प्लाझ्मिडचा टॅक प्रमोटर (जीन सुरू करणारा भाग) मात्र पेशीच्या स्वतःच्या पॉलिमरेजवर चालतो, त्याला डीई३ लागत नाही. जीएसटी फ्यूजनमध्ये २६-२७ किलोडाल्टनवरच सुरेख बँड आला तर आनंद मानू नका. तो नुसता जीएसटी आहे: एक तर जोडावर जीन वाचण्याची चौकट (फ्रेम) सरकली आहे, नाहीतर प्रोटीन मध्येच तुटतंय. आधी सिक्वेन्स पाहा.

प्लाझ्मिड असलेल्याच पेशी टिकाव्यात म्हणून घालतात त्या अँपिसिलिनबद्दलही सांगायला हवं. प्रतिरोधक पेशींचं बीटा-लॅक्टमेज माध्यमात झिरपतं आणि औषध खाऊन टाकतं. मग प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी बिनधास्त वाढतात. रात्रभर ठेवून गच्च झालेलं स्टार्टर कल्चर तसंच ओतलंत तर हे एन्झाइमही सोबत जातं. पेशी खाली बसवून जुनं माध्यम ओतून द्या, किंवा कार्बेनिसिलिन वापरा. ओडी (कल्चरची दाटी) मस्त, प्रोटीन शून्य, असा प्रकार दिसला की मला पहिला संशय इथेच येतो.

हिस्टिडिन टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमवर एका दुपारी माझं निळसर रेझिन (कॉलममधले प्रोटीन पकडणारे मणी) डोळ्यांदेखत तपकिरी झालं. बफरमध्ये सवयीने डीटीटी घातलं होतं, त्याने निकेलचं क्षपण केलं. धातू पकडणारं ईडीटीए तर निकेल उपटूनच नेतं आणि रेझिन पांढरं पडतं, आणि प्रोटीएज इनहिबिटरच्या काही गोळ्यांमध्ये ते असतंच. डबा वाचून घ्या. प्रोटीन निकेलवरून सोडवणाऱ्या इमिडाझोलचा स्टॉक अल्कधर्मी असतो, पीएच जुळवल्याशिवाय वापरू नका. शिवाय प्रोटीन मोजतात त्याच २८० नॅनोमीटरला ते थोडं शोषण करतं, म्हणून ब्लँक त्याच बफरचा हवा.

जीएसटी रेझिनवरून सोडवणाऱ्या ग्लुटाथायोनचं नेमकं उलट आहे, ते आम्लधर्मी. ट्रिसमध्ये १० मिलीमोलर विरघळवून पीएच पुन्हा ८ वर आणला नाही, तर इल्युशन (प्रोटीन सोडवून घेणं) अर्धवट होतं. जीएसटी रेझिनला सावकाश चिकटतं, त्यामुळे लायसेट घाईने सोडू नका. एमबीपी आणि अमायलोज रेझिन वापरत असाल तर माध्यमात ०.२ टक्के ग्लुकोज घाला, नाहीतर जीवाणूचं अमायलेज रेझिनच कुरतडतं.

सगळ्यात जास्त निराशा टॅग कापल्यावर येते. ४२ किलोडाल्टनचा एमबीपी कित्येकदा नुसत्या कुबड्यांचं काम करतो. टॅग कापणारं टीईव्ही प्रोटीएज घातलं, सकाळी ट्यूब ढगाळ. विरघळलेलं म्हणजे नीट घडी पडलेलं नव्हे. कापण्याआधीच थोडा नमुना जेल फिल्ट्रेशनवर (आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर) सोडा; सगळं व्हॉइड व्हॉल्यूममध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, आलं तर ते विरघळलेले गठ्ठेच आहेत, प्रोटीएज वाया घालवू नका. थ्रॉम्बिनने कापणार असाल तर आधीचं पीएमएसएफ (सेरीन प्रोटीएज रोखणारं रसायन) पूर्ण निघालंय ना, ते पाहा. थ्रॉम्बिनही सेरीन प्रोटीएजच आहे.

आणि जेल पाहेपर्यंत काहीही ओतून देऊ नका. लायसेट, फ्लो-थ्रू (न चिकटता वाहून गेलेलं), प्रत्येक वॉश, प्रत्येक इल्युशन, सगळ्यांचे २० मायक्रोलिटर बाजूला. फ्लो-थ्रूमध्ये सापडलं तर टॅग दडलाय किंवा बाइंडिंगच्या वेळी काही बिघडलंय. निकेल कॉलमच्या वॉशमध्ये सापडलं तर इमिडाझोल जास्त झालंय. कुठेच नसेल तर रेझिनचे थोडे बीड्स (मणी) सॅम्पल बफरमध्ये उकळून चालवा. माझं हरवलेलं प्रोटीन दोनदा तिथेच, रेझिनवर साकळून बसलेलं सापडलंय.