दोन मुलांमधलं अंतर: पाळणा लांबवताना या चुका टाळा

‘पहिलं दोन वर्षांचं झालं की दुसरं’ असं घरोघरी ठरतं आणि पहिली चूक त्या हिशेबातच होते. दोन वर्षं मोजायची ती बाळंतपणापासून पुन्हा दिवस राहीपर्यंतची, दोन वाढदिवसांमधली नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान 24 महिन्यांचा सल्ला याच मोजणीचा आहे. पहिली प्रसूती जानेवारी 2025 मध्ये झाली असेल, तर पुढचा प्रयत्न जानेवारी 2027 नंतर आणि बाळ साधारण ऑक्टोबरात. म्हणजे भावंडांत पावणेतीन वर्षांचं अंतर पडतं. वाढदिवसांत दोन वर्षं धरली, तर आईच्या शरीराला जेमतेम 15 महिने मिळतात. आशाताई तीन वर्षांचं अंतर सांगतात, ते म्हणूनच ऐकावं.

18 महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो; 6 महिन्यांच्या आत तो सर्वांत जास्त.

‘पाळी आली नाही, म्हणजे काळजी नाही’

सर्वांत जास्त फसगत इथे होते. स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. बाळ अंगावर पीत नसेल, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासूनच ही शक्यता असते.

अंगावर पाजण्याचा भरवसा तीन अटी एकाच वेळी पाळल्या तरच: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला फक्त आईचं दूध, दिवसा 4 आणि रात्री 6 तासांहून जास्त खंड नाही. व्यवहारात या अटी नकळत मोडतात. चौथ्या महिन्यात कोणीतरी नाचणीचं सत्त्व सुरू करतं, बाळ रात्रभर झोपू लागतं, आई कामावर रुजू होते. यातलं एक जरी घडलं, तरी त्याच दिवसापासून दुसरं गर्भनिरोधक साधन हवं.

साधन निवडताना

साधनाचा निर्णय गरोदरपणातल्या सातव्या महिन्याच्या तपासणीतच घ्या. सव्वा महिना झाल्यावर बघू म्हटलं की ते राहूनच जातं. तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत बसवता येते. ती वेळ टळली तर 6 आठवड्यांनंतर. 380ए प्रकारची 10 वर्षं चालते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. पहिल्या 48 तासांचा आणखी एक फायदा म्हणजे वेगळी फेरी मारावी लागत नाही.

बाळ अंगावर पीत असताना पहिले 6 महिने माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी घेऊ नका. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं. छाया गोळी चालते, पण ती रोजची नाही: पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. गोळी चुकली तर आठवताच घ्या आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोधही वापरा. 7 दिवसांहून जास्त उशीर झाला, तर आठवड्यातून दोनदा असं पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर 3 महिन्यांनी असतं. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात, हे आधी धरून ठेवा. नाहीतर ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून विनाकारण धास्ती बसते.

सिझर झालं असेल तर

पोटावरचा टाका वरून भरला म्हणजे गर्भाशयाचा व्रण पक्का झाला असं नाही. दोन प्रसूतींमध्ये 18-19 महिन्यांहून कमी अंतर असताना नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न केला, तर तो व्रण उसवण्याचा धोका वाढतो. पहिल्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद जपून ठेवा. छेद कसा घेतला होता, हे पुढच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

लोहाच्या गोळ्या मध्येच बंद करणं

एका गरोदरपणाला साधारण 1,000 मिलिग्रॅम लोह लागतं. ही गंगाजळी जेवणातून लवकर भरत नाही. बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर नकोत, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दुसऱ्या बाळाचा प्रयत्न करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर आधी ते वाढवा. निदान महिनाभर आधी 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करा. मागच्या वेळी गरोदरपणात साखर वाढली असेल, तर तीही तपासून घ्या.

उलट बाजूने, फार लांबवणंही बरं नाही: 5 वर्षांहून जास्त अंतर झालं की गरोदरपणात रक्तदाब वाढून गुंतागुंत होण्याची शक्यता वाढते. पस्तिशी ओलांडली असेल, तर वयाचा विचार करून 12 ते 18 महिन्यांनंतरच्या प्रयत्नाबद्दल डॉक्टरांशी बोला. गर्भपात झाला असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने किमान 6 महिने सांगितले आहेत.

लवकर दिवस राहिलेच तर

घाबरू नका, पण लपवूही नका. 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, मागच्या प्रसूतीची तारीख सांगा, सोनोग्राफी करून घ्या. गर्भ नको असेल, तर दुकानातून गोळ्या आणू नका. सिझरच्या व्रणावर गर्भ रुजला असेल, तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. साधन फसलं म्हणून गर्भपात मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीरपणे करता येतो. गर्भ ठेवायचा असेल, तर मोठ्याचं अंगावरचं दूध घाईने तोडू नका, सहसा चालतं. आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल किंवा आता अंगावरून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाजा.