राऊटर टेबल घरी बनवताना प्लेटची खाच नीट पाडा, बाकी सगळं होतं

राऊटर म्हणजे लाकडाला खाचा आणि गोलाई मारायचं हातातलं मशीन, ते टेबलाखाली उलटं लटकवलं की झालं राऊटर टेबल, त्याचं फिरतं पातं (बिट) वर येतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. हे बनवायचंय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) तुकडा घ्या, मधे भोक पाडा, राऊटर उलटा लटकवा, झालं. कोरड्या हवेच्या गावात चालत असेल, आमच्याकडे मालवणला पहिल्याच पावसाळ्यात त्या एमडीएफच्या कडा फुगून वर येतात आणि टेबल टेबल राहत नाही. मी आत्तापर्यंत चार टेबलं बनवली, दोन स्वतःसाठी, दोन दुसऱ्यांना, त्यामुळे हे ठामपणे सांगतो.

टॉपला, म्हणजे टेबलाच्या वरच्या फळीला, १८ मिमीचे मरीन प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या, दुकानदार नुसतं 'वॉटरप्रूफ आहे' म्हणाला म्हणून घेऊ नका. साईज २४ बाय ३२ इंच भरपूर झाली. सनमायका वरून आणि खालून दोन्हीकडे लावायचा. खालची बाजू कोण बघतंय म्हणून सोडली तर एका बाजूने दमट हवा शिरते, दुसऱ्या बाजूने नाही, आणि टॉप वाकतो. स्टँड कसलाही चालेल, हलला नाही म्हणजे झालं. आणि हे काम दिवाळीनंतर ते मे पर्यंत करा, जुलैत करू नका.

आता प्लेट, म्हणजे टॉपच्या मधे बसणारा पत्रा, ज्याला राऊटर खालून लटकतो. ६ मिमी अ‍ॅक्रेलिक घेऊ नका. अर्धा इंच कोलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) राऊटर पाच-सहा किलोचा असतो, तो रात्रंदिवस लटकून अ‍ॅक्रेलिक मधे खोल जातं, माझं सहा महिन्यांत गेलं. कोल्हापूरला फेरी असेल तेव्हा शिरोली एमआयडीसीकडच्या एखाद्या वर्कशॉपमधून ८ मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट कापून आणा.

आणि आता खाच, म्हणजे प्लेट टॉपमधे बरोब्बर सपाट बसेल असा खड्डा. पहिल्या टेबलाला मी प्लेटभोवती पेन्सिल फिरवली, जिगसॉने कापलं, आणि कडेची पायरी पटाशीने काढली. दिसायला बरं होतं. मग फणसाच्या लाकडाचा देव्हारा करायला घेतला, चौकटीच्या पट्ट्यांना गोलाई मारली, आणि प्रत्येक पट्टीवर शेवटच्या दोन इंचात एक बारीक पायरी. दोन दिवस मी बिटला दोष देत होतो. शेवटी प्लेटवरून नख फिरवलं तेव्हा कळलं, डावीकडचा एक कोपरा पत्त्याच्या जाडीएवढा खाली होता. चांगलं वाळलेलं फणसाचं लाकूड वाया गेलं, ते अजून जिवाला लागतं. म्हणून पटाशीने खाच पाडू नका, कितीही हात बसलेला असला तरी.

प्लेट टॉपवर जिथे हवी तिथे ठेवा. तिच्या चारी बाजूंना १८ मिमी प्लायच्या सरळ पट्ट्या घट्ट टेकवून डबल टेपने चिकटवा, दोन बाजूंना मधे साध्या कागदाचा एकेक तुकडा घाला, नाहीतर प्लेट नंतर खाचेत हातोडीशिवाय जाणार नाही. प्लेट काढली की उरलेली चौकट हाच तुमचा टेम्प्लेट, म्हणजे साचा. त्यावर वरच्या बाजूला बेअरिंग (साच्याला टेकून फिरणारं चाक) असलेलं बिट चालवायचं, आणि इथे बहुतेक जण फसतात, बिटची धार पट्टीच्या जाडीपेक्षा लांब असेल तर पहिल्या फेरीत बेअरिंग पट्टीला टेकतच नाही, हवेत फिरतं, आणि धार सरळ टेम्प्लेटच खाते. १८ मिमी पट्टीला १२ मिमी धारेचं बिट घ्या. शिवाय कोपरे बघा: अर्ध्या इंचाचं बिट आतल्या कोपऱ्यात साधारण ६ मिमीची गोलाई सोडतं, त्यामुळे प्लेटचे कोपरे त्याहून टोकदार असतील तर आधी कानस मारून गोल करा.

खोलीसाठी टेपने मोजू नका. बिटचं टोक टॉपला टेकवून प्लंज (राऊटरची खाली-वर सरकणारी हालचाल) लॉक करा, मग डेप्थ रॉड (खोली ठरवणारी दांडी) आणि ती जिथे अडते त्या स्टॉपच्या मधे ८ मिमी ड्रिलची दांडी आणि एक दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड धरून रॉड घट्ट करा. कार्डाएवढी जास्तीची खोली मुद्दाम ठेवायची, ती पुढे लागते. एका फेरीत ३ मिमी पेक्षा जास्त उतरू नका, राऊटर चौकटीच्या आतून घड्याळाच्या दिशेने फिरवा. पूर्ण खड्डा कोरायची गरज नाही, कडेने पाऊण इंचाचा पट्टा पुरे, त्यातली १५ मिमी पायरी ठेवून मधला भाग जिगसॉने काढून टाका.

पायरीवर चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मधे असे सहा एम६ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, प्लेट यांवर टेकते आणि ते फिरवून वर-खाली होते), स्टेनलेसचे, साधे खाऱ्या वाऱ्यात गंजतात. ५ मिमी भोक, टॅप मारा (भोकात आटे पाडा), आट्यांत पातळ सुपरग्लूचे थेंब टाकून सुकू द्या, प्लायमधल्या आट्या त्यानेच टिकतात. उघड्या प्लायवर, खाचेच्या भिंतींवरसुद्धा, पीयू पॉलिशचे दोन हात. मग राऊटर लटकवूनच लेव्हल करायची, रिकामी प्लेट लेव्हल करून उपयोग नाही. स्टीलची पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा, उजेडाची रेघ दिसली तर तो स्क्रू फिरवा. शेवटी सनमायकाचा तुकडा चारी बाजूंनी सरकवून बघा, कुठेही टक् करून अडकता कामा नये. जूनमधे आणि दिवाळीनंतर हे परत तपासा.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा आधार, एक सरळ पट्टी आणि दोन क्लॅम्प, मागे व्हॅक्यूमचा पाईप बसेल असा डबा. लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं, फेन्स आणि बिटच्या मधून कधीच नाही. ५० मिमीच्या वरचं बिट असेल तर स्पीड १२,००० च्या खाली.

स्विचवर मात्र पैसे वाचवू नका. आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून पाच वेळा जाते. एकदा लाईट गेली, मी राऊटरचा लॉक केलेला ट्रिगर तसाच ठेवून बिट बदलायला हात खाली घातला, पान्याने नट धरला आणि वीज आली. पाना पडवीच्या भिंतीवर जाऊन आदळला, हात वाचला. त्या दिवसापासून माझ्या टेबलाला नो-व्होल्ट स्विच आहे, वीज गेली की तो आपोआप बंद होतो आणि परत दाबल्याशिवाय चालू होत नाही. तरी बिट बदलताना प्लग काढायचाच.

काम झालं की बिट कोलेटमधे ठेवून जाऊ नका. आठवडाभर पावसात राहिलं की गंज धरून असं अडकतं की कोलेट नवीन घ्यावं लागतं. काढा, पुसा, मशीन ऑईलचा फडका फिरवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.