स्वमग्न बाईची पाळी: दवाखान्याआधी दोन महिन्यांचा तक्ता

पाळीच्या आधी आठवडाभर आवाज सोसवत नाही, झोप उडते, ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली बसवत नाही. ही तक्रार घेऊन स्वमग्न (ऑटिस्टिक) बाई डॉक्टरांकडे गेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: "हे ऑटिझममुळेच" किंवा "पाळीत एवढं चालायचंच." तोंडी सांगितलं की ते असं बाजूला सारता येतं, तारखांसकट लिहून नेलं की तितकं सोपं राहत नाही. शिवाय अनेक स्वमग्न बायकांना शरीराच्या आतल्या खुणा उशिरा किंवा अंधुक कळतात. पोटात दुखतंय, भूक लागलीय की लघवीला झालीय, हे डॉक्टरांनी विचारल्याबरोबर सांगता येत नाही.

म्हणून आधी सलग दोन पाळ्यांचा तक्ता भरा. काही बाबतींत मात्र थांबायचं नाही: दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय, चक्कर येतेय, गरोदरपणाची शक्यता असताना रक्त जातंय किंवा पोटात जोरात दुखतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जीव नकोसा होत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.

तक्त्यासाठी एक कागद आडवा घ्या. वर तारखा, डावीकडे ओळी: किती पॅड आणि अर्धा भिजला की पूर्ण, नाण्याएवढ्या गाठी गेल्या का, झोप किती तास, आवाज, उजेड, स्पर्श किती सोसला, मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) किंवा शटडाउन (गप्प होऊन आत मिटून जाणं), घेतलेली औषधं. दुखणं १ ते १० मध्ये मोजायचा रकाना ठेवू नका, तो आकडा बहुतेकींना ठरवताच येत नाही. त्याऐवजी "आज काय झालं नाही" ही ओळ ठेवा: आंघोळ नाही, जेवण नाही, कॉलेज नाही. डॉक्टरांना यातून दुखण्याचा अंदाज चांगला येतो. तक्ता रोज रात्री ठरलेल्या वेळी, दात घासायच्या आधी भरा. आठवड्याचं एकदम आठवून लिहिलेलं कामाचं नाही. जी बोलत नाही तिच्यासाठी घरच्यांनी दिसेल तेच टिपायचं: पोटावर हात मारणं, अन्न सरकवून देणं, एरवीच्या हालचाली अचानक वाढणं. "चिडचिड केली" एवढंच लिहू नका, किती वाजता आणि कशानंतर तेही लिहा.

तक्ता कसा वाचायचा

त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढतो, पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरतो आणि पुढचा आठवडा बरा जातो, तर पीएमडीडीचा (पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडण्याच्या विकाराचा) संशय घ्यावा. हे निदान दोन पाळ्यांच्या रोजच्या नोंदींवरच पक्कं होतं, तेवढ्यासाठीच हा खटाटोप. त्रास महिनाभर आहे आणि पाळीआधी फक्त वाढतो, तर मुळाशी नैराश्य, चिंता किंवा थकून कोसळणं असू शकतं. त्याचा इलाज वेगळा.

दोन पाळ्यांमध्ये सतत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाचा विकार), थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) तपासायला हवं. सलग तीन महिने पाळी नाही, तर आधी गरोदरपणाची चाचणी. गोळीने न थांबणारं दुखणं आणि त्यासोबत शौचाला किंवा संबंधावेळी दुखत असेल, तर एंडोमेट्रिऑसिसचं (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराचं) नाव तुम्हीच काढा.

हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे चालू औषधं. स्वमग्नतेत चिडचिडीसाठी बऱ्याचदा रिस्पेरिडोन दिलं जातं. त्याने प्रोलॅक्टिन वाढून पाळी लांबते किंवा बंद होते. फिटसाठीच्या व्हॅल्प्रोएटचा पीसीओएसशी संबंध आहे आणि गर्भालाही ते घातक आहे. कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. यांतलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. यादी करून न्या आणि मानसोपचारतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट व स्त्रीरोगतज्ज्ञ तिघांनाही दाखवा, कारण ते एकमेकांशी बोलतील या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

ओपीडीचा दिवस

केईएम, सायन, नायर या मुंबई पालिकेच्या रुग्णालयांत सकाळी केस पेपरच्या रांगेतच जीव मेटाकुटीला येतो. जमलं तर दोघी जा: एकीने रांग धरायची, जिची तपासणी आहे तिने शांत जागी बसायचं. कानाला हेडफोन, डोक्यावर टोपी. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, "मी ऑटिस्टिक आहे, हात लावण्याआधी सांगा." मग तक्ता पुढे करा.

तपासणीसाठी रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. प्रोलॅक्टिन ताणानेही वाढतं, सुईच्या भीतीनेसुद्धा. म्हणून रक्त देण्याआधी अर्धा तास शांत बसा आणि आकडा थोडाच वाढलेला आला तर औषध सुरू करण्याआधी पुन्हा तपासा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) मागा. सोनोग्राफी पोटावरून करता येते. त्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या, आणि मूत्राशय भरल्याचं कळत नसेल तर घड्याळावर विसंबा. जेल गार लागतं, ते हातावर आधी लावून पाहा.

दुखण्यावर मेफेनॅमिक अॅसिड चालतं: प्रौढांना ५०० मिलीग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. दुखेल तेव्हा घेऊ म्हटलं तर दुखणं कळेपर्यंत उशीर होतो, म्हणून पहिला डाग दिसताच सुरू करून दोन दिवस वेळेवर घ्यायची. अल्सर, किडनीचा आजार, किंवा अशा गोळीने दम लागत असेल तर घेऊ नये. पीएमडीडीसाठी एसएसआरआय गटातली (नैराश्यावरही वापरतात ती) औषधं रोज किंवा फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत देतात.

पॅडचं थोडक्यात: कुरकुरणारं प्लास्टिक, सुगंध आणि मांडीला घासणारे विंग्ज हे नेहमीचे दोषी. नवा पॅड पाळी नसतानाच तासभर लावून पाहा. दर चार-सहा तासांनी बदलायचा गजर लावा, ओलं झाल्याचं कळेलच असं नाही. पिरियड पँटी बऱ्याचजणींना सोसते, पण जुलैत वन रूम किचनमध्ये ती वाळत नाही. कुबट ओली घालण्यापेक्षा पावसाळ्यात साधे पॅड बरे.

राहिली "गर्भपिशवीच काढून टाका" ही सूचना. १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलींच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, तेव्हा राज्यात मोठा गदारोळ झाला होता. गर्भपिशवी काढली तरी अंडाशय शाबूत असतात, त्यामुळे संप्रेरकांचा चढउतार आणि पीएमडीडी तसेच राहतात. रक्तस्राव कमी करायचा तर सलग घ्यायच्या गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबी हे पर्याय आधी विचारा. तांबी भूल देऊनही बसवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मूल होण्याची क्षमता जाईल अशी शस्त्रक्रिया तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. त्यामुळे चित्रं दाखवून, सोप्या शब्दांत, तिला आधी विचारायचं, आणि हे सगळं समजायला तिला एक बैठक कमी पडली तर पुढची तारीख मागून घ्यायची.