पूरकाळात ऐकण्यासाठी डिजिटल स्कॅनर कसा निवडावा : कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शन

डिजिटल स्कॅनर म्हणजे अनेक लहरी आळीपाळीने तपासून, जेथे बोलणे चालू असेल ते ऐकवणारा रिसीव्हर. तो विकत घेण्याआधी किमतीची आणि कंपनीची चौकशी करण्यापेक्षा दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे अधिक गरजेचे आहे. आपल्या गच्चीवरून नेमके काय ऐकू येऊ शकते, आणि त्यातले काय ऐकण्याची कायद्याने मुभा आहे? स्कॅनरविषयीचे बहुतेक लेखन अमेरिकेतील परिस्थिती गृहीत धरून केलेले असते. तेथे पोलीस आणि अग्निशमन दलाचे सांकेतिक नसलेले संभाषण घरी बसून ऐकण्याचा छंद जुना आहे आणि हे स्कॅनर मुख्यतः त्या ग्राहकासाठीच घडवलेले असतात. आपल्याकडे तसे नाही. परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगण्यावर 1933 च्या कायद्यापासून बंधन आहे, आणि दूरसंचार अधिनियम, 2023 नुसार दुसऱ्याचा संदेश बेकायदा ऐकल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेचे संभाषण ऐकण्याच्या हेतूने कोणी स्कॅनर घेणार असेल, तर तो बेत येथेच सोडून द्यावा. त्यांची मदत हवी असेल तेव्हा 112 हा क्रमांक आहेच.

तरीही कोल्हापूरकराला रेडिओची गरज नाही, असे म्हणता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की शहराचा सखल भाग आणि शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठ सावध होतो. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी वीज जाते, मोबाईलची बॅटरी उतरते आणि मच्छिंद्री (शिवाजी पुलावरील पुराच्या खुणेला पाणी लागणे) झाली की नाही, यावरही चार तोंडांनी चार गोष्टी ऐकू येतात. तेव्हा कायद्याच्या चौकटीत ऐकता येण्यासारखे जे आहे, ते हाताशी असणे उपयोगाचे ठरते.

त्यात पहिला क्रमांक आकाशवाणीचा. कोल्हापूर केंद्र 102.7 मेगाहर्ट्झवर ऐकू येते आणि त्यासाठी सेलवर चालणारा साधा एफएम रेडिओ पुरतो. दुसरे क्षेत्र हॅम, म्हणजेच हौशी रेडिओचालकांचे. भारतात त्यांना 144 ते 146 मेगाहर्ट्झ, 434 ते 438 मेगाहर्ट्झ आणि लघुलहरींत 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ हे पट्टे, इतरही काही पट्ट्यांबरोबर, उपलब्ध आहेत. आपत्तीत दूरध्वनी यंत्रणा कोलमडल्यावर संदेश पोहोचवण्याचे काम हॅम मंडळींनी देशात अनेकदा केले आहे. तिसरा पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा असून, तेथे कमी शक्तीच्या वॉकीटॉकीला 2018 पासून परवान्यातून सूट आहे. एखाद्या तालीम मंडळाला आपल्या पेठेपुरता आपसांत संपर्क ठेवायचा असेल, तर याहून सोपा मार्ग नाही. मात्र संच घेताना त्याला दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता आहे ना, हे तपासून घ्यावे.

आता ‘डिजिटल’ या शब्दाकडे वळू, कारण ग्राहकाचे पैसे वाया जातात ते बहुधा याच शब्दापायी. डिजिटल बिनतारी संभाषणाच्या अनेक पद्धती आहेत आणि एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीचे बोलणे उलगडू शकत नाही. अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणा प्रामुख्याने पी-25 वापरतात, युरोपात टेट्रा रुजले आहे, व्यावसायिक वापरात डीएमआर आणि एनएक्सडीएन आढळतात, तर हॅम मंडळींत डीएमआर, आयकॉम कंपनीचे डी-स्टार आणि येसू कंपनीचे सी4एफएम चालते. महागड्या स्कॅनरची जाहिरात ज्या पी-25 आणि ट्रंकिंगच्या (थोड्या वाहिन्या अनेक गटांना आपोआप वाटून देणाऱ्या यंत्रणेचा माग ठेवण्याच्या) क्षमतेवर उभी असते, तिचा हॅम ऐकणाऱ्याला येथे जवळजवळ काहीच उपयोग नाही. युनिडेनच्या एसडीएस 100 सारख्या संचात भरलेली केंद्रांची यादी अमेरिका आणि कॅनडापुरती असते, आणि त्यात डीएमआर ऐकण्याची सोय वेगळे पैसे भरून उघडावी लागते. आयकॉमचा आयसी-आर30 हा देखणा आणि संवेदनशील रिसीव्हर आहे. तो डी-स्टार, एनएक्सडीएन आणि पी-25 उलगडतो, पण डीएमआर उलगडत नाही. व्हिसलरच्या टीआरएक्स-1 मध्ये डीएमआर अंगचेच आहे. म्हणून माहितीपत्रकावर नुसता डिजिटल हा शब्द पाहून समाधान मानू नये. कोणत्या पद्धती, त्यांपैकी कोणत्या मूळ किमतीत आणि कोणत्या जादा पैशांत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. संभाषण सांकेतिक केलेले असेल, तर कोणताही स्कॅनर ते उलगडू शकत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

डिजिटलविषयी आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. साध्या एफएम संभाषणात संकेत दुबळा झाला, की खरखर वाढते, पण कान देऊन ऐकल्यास शब्द कळतात. डिजिटलमध्ये मात्र आवाज एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि त्यापलीकडे एकदम तुटतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे संच असलेल्या हॅम चालकांना आपत्तीत एकत्र यायचे असेल, तर सर्वांना सामाईक असते ते साधे एफएमच. माझ्या मते येथील ग्राहकाने उत्तम एफएम ग्रहण हा पहिला निकष धरावा, डीएमआर दुसरा, आणि बाकीच्या डिजिटल पद्धतींसाठी एक रुपयाही जादा मोजू नये.

संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर हा छोटा रिसीव्हर स्कॅनरच्या तुलनेत फारच स्वस्त असून, सुमारे 24 ते 1766 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पडद्यावर दाखवतो. शिकण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. पण तो आठच बिटांचा, म्हणजे दुबळे आणि जोरदार संकेत एकत्र हाताळण्याची कुवत कमी असलेला, असल्याने शहरातील एफएम केंद्रांच्या जोरदार संकेतांनी सहज दबून जातो आणि भलत्याच ठिकाणी आकाशवाणीची गाणी ऐकू येऊ लागतात; यावर 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावणे हा उपाय आहे. पूरकाळासाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही, कारण त्याच्यामागे लॅपटॉपही जिवंत ठेवावा लागतो.

संचाइतकाच अँटेना महत्त्वाचा असतो. व्हीएचएफ (30 ते 300 मेगाहर्ट्झच्या) लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला 4.12 ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दहा मीटर उंचीच्या गच्चीवरून ते सुमारे 13 किलोमीटर भरते. समोरच्या केंद्राची उंची त्यात तशीच मिळवायची असते, म्हणूनच जोतिबा किंवा पन्हाळ्यासारख्या उंचीवरून बोलणारा हॅम शहरात स्पष्ट ऐकू येतो, तर गगनबावडा किंवा राधानगरीच्या दरीतून बोलणारा ऐकू येईलच असे नाही. डोंगराआडच्या अशा गावांसाठी दिवसा 7 मेगाहर्ट्झचा पट्टा उपयोगी पडतो, कारण त्या लहरी जवळपास उभ्या वर जाऊन आकाशातून परत येतात आणि दीड-दोनशे किलोमीटरचा परिसर सहज व्यापतात. त्यासाठी सुमारे 20 मीटर लांबीची, मधोमध जोडलेली तार लागते आणि संचात एसएसबी (लघुलहरींवर हॅम मंडळी बोलण्यासाठी वापरतात ती पद्धत) ग्रहणाची सोय हवी. ती नसेल, तर बोलणे बदकाच्या आवाजासारखे, अर्थहीन ऐकू येते. 145 मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या मीटरची उभी दांडी पुरे होते. गच्चीवरून खाली आणलेली आरजी-58 केबल 435 मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये निम्मी शक्ती खाऊन टाकते, तेव्हा केबल आखूड ठेवावी किंवा जाड घ्यावी.

विजेचा विचार सर्वांत आधी करावा, असे म्हटले तरी चालेल. पेन्सिल सेलवर चालणारा संच, उदाहरणार्थ युनिडेनचा बीसीडी436एचपी, दिवसेंदिवस वीज नसताना उपयोगी पडतो, कारण सेल किराणा दुकानातही मिळतात. खास बॅटरीचा संच घेतल्यास दुसरी भरलेली बॅटरी आणि 12 व्होल्टचा चार्जर लागतोच. बाकी पडदा, रंग, बटणे हे आवडीचे विषय आहेत.

या सगळ्याचा हिशेब केला, तर नदीकाठच्या बहुतेक कुटुंबांना हजारो रुपयांचा स्कॅनर लागत नाही. ज्यांना खरोखर या क्षेत्रात उतरायचे आहे, त्यांनी आधी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर हौशी रेडिओचालकाच्या परीक्षेसाठी अर्ज करावा. परवान्याच्या प्रतिबंधित (रिस्ट्रिक्टेड) श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी, लागत नाही. रेडिओचे मूलभूत तत्त्व आणि नियम यांवर प्रश्न असतात. परवाना हाती आल्यावर स्कॅनरऐवजी एफएम आणि डीएमआर दोन्ही असलेला हँडसेट घ्यावा, म्हणजे ऐकण्याबरोबर बोलताही येईल. परदेशातून मागवायचा असल्यास परवाना आधी आणि मागणी नंतर, हा क्रम पाळावा.

संच आल्यावर मे महिन्यातच त्यात आकाशवाणी आणि हॅम पट्ट्यांतील जागा भराव्यात. डीएमआरसाठी कलर कोड (केंद्राचा ओळख-क्रमांक), टाइम स्लॉट (एकाच लहरीवरील दोन वेळ-खणांपैकी एक) आणि टॉकग्रुप (बोलणाऱ्या गटाचा क्रमांक) जुळवावेत, कारण यांतले एकही चुकले तर संकेत येत असूनही संच गप्प राहतो. मग घरातील दिवे आणि इन्व्हर्टर बंद करून, केवळ बॅटरीवर तो एक रात्र चालवून पाहावा आणि किती तास टिकला, ते संचाच्या मागे चिठ्ठी लावून लिहून ठेवावे.